जाग गादीमुळे येतेय का?

एका वाचकानं विचारलंय: गादी, पलंग आणि उशा असा संच 24 बिनव्याजी हप्त्यांत घ्यावा का? रोज पहाटे 3 ला जाग येते, मग डोळा लागत नाही. सध्याची गादी 6 वर्षांची. विक्रेत्यानं खर्चाला दिवसांनी भागून दाखवलं, आकडा किरकोळ वाटला. शिवाय झोप सुधारली की काम सुधारेल, पगार वाढेल आणि हप्ते त्यातूनच फिटतील, असा त्यांचा होरा.

खरे आकडे इथे देत नाही. संचाची किंमत 100 धरू, बाकी सगळं त्याच मापात.

रोखीनं तो 90 ला मिळतो, हे तुम्हीच लिहिलंय. हप्त्यांत 100, वर 'वाढीव हमी' आणि 'कर्ज सुरक्षा विमा' यांचे 12. म्हणजे 90 च्या मालाला 112. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं हे धरलं, तर हे 'बिनव्याजी' प्रकरण वर्षाला 20 टक्क्यांच्या वर पडतं. आणि हमीपत्र वाचलंत का? गादीला ठरावीक खोलीपेक्षा मोठा खड्डा पडला तरच बहुतेक हमी लागू होते, आणि डाग असेल तर तेवढीही नाही. वाढीव हमी म्हणजे त्याच नकाराची मुदत पैसे देऊन वाढवून घेणं.

तेव्हा हप्त्यांवर नको. पण मी अडखळलो ते ता.क.पाशी: "क्रेडिट कार्डाची थोडी बाकी आहे, पण किमान रक्कम वेळेवर भरतो, त्यामुळे काळजी नाही."

थोडी? ती 250 आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 9 च्या आसपास. तुम्ही भरता 5 टक्के, साडेबारा. त्यातून मुद्दल फिटतं जेमतेम साडेतीन. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून. म्हणून दीड वर्ष इमानेइतबारे भरूनही बाकी जागच्या जागी आहे. वर्षाचं व्याज 100 हून जास्त. दरवर्षी एक गादी विकत घेताच आहात, ती घरी येत नाही एवढंच.

आणि शेजारी 300 ची एफडी पडून आहे, 7 टक्क्यांनी. वर्षाला 21. "अडीअडचणीसाठी ठेवलीय, हात लावायचा नाही." अहो, अडचण दीड वर्षापासून घरात मुक्कामाला आहे! मोडा ती. मुदतीआधी मोडल्याची कपात 1 टक्का धरली तरी 3 जातील. 250 भरून कार्ड शून्यावर आणा, उरलेले तसेच ठेवा, कार्ड कपाटात टाका. कार्डाचे साडेबारा आणि नव्या हप्त्यासाठी काढायला निघाला होतात ते साडेचार, असे महिन्याला 17 बाजूला टाकलेत तर सव्वा वर्षात 250 परत जमतात. गादी त्यानंतर, रोखीनं, 90 ला. तेही लागली तर.

कारण कामानिमित्त हॉटेलात राहता तेव्हाही 3 लाच जाग येते, आणि मग पडल्यापडल्या मोबाइलवर कार्डाची बाकी पाहता, असं तुम्हीच लिहिलंय. गादीचा दोष असता तर परक्या अंथरुणात बरं वाटलं असतं, घरी सकाळी अंग आखडलं असतं. तरी 10 मिनिटं काढून तपासा. चादर काढून गादीवर झाडूचा दांडा आडवा ठेवा, खाली फट किती दिसते ते बघा. उताणे पडून कमरेखाली हात घाला: सैल फिरला तर गादी फार कडक, शिरतच नसेल तर फार मऊ. कडक तेवढी चांगली हे खरं नाही. 2003 साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या, जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांच्या चाचणीत मध्यम कडक गादीनं जास्त आराम पडला.

बाकीचं त्याच मापात दोन-तीनात होतं. कुशीवर झोपत असाल तर खांदा ते कान ही पोकळी भरेल एवढी उशी. खिडकीला जाड पडदा. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरतं, म्हणून खोली गार हवी, जमल्यास 18 अंशांच्या आसपास. मऊ फोम उष्णता धरून ठेवतो, तेव्हा उकडत असेल तर तुम्ही पसंत केलेली फोमची गादी उलट छळेल. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, उशाशी साधं गजराचं घड्याळ.

कार्ड शून्य झाल्यावर दोन महिने बघा. तरीही 3 ला जाग येत राहिली तर दुकानात नको, डॉक्टरांकडे जा. आणि तुम्ही घोरता, मध्येच श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर ते दोन महिनेही थांबू नका.