चेन आडनावाचा माग काढताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. चेन या चिनी आडनावाचा इतिहास अभ्यासायला घेतल्याचे तुझे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. मात्र चेन, तान, चान आणि व्हिएतनाममधील त्रान ही तू चार निरनिराळी आडनावे म्हणून मांडली आहेस, ती दुरुस्ती आधी कर. एकाच चिनी अक्षराचे मँडरिनमध्ये चेन, दक्षिण फुजियानच्या होक्किएन बोलीत तान, कँटोनीजमध्ये चान आणि व्हिएतनामीत त्रान असे उच्चार होतात. आडनाव सांगताना चिनी माणसे अक्षराची फोड करून ‘कान आणि पूर्व यांचा चेन’ असे सांगतात. तूही स्पेलिंग सोडून अक्षराचा माग धर.

आडनावाचे मूळ आजच्या हेनान प्रांतातील ह्वायांगच्या परिसरात आहे. प्राचीन चीनमधील चौ घराण्याच्या राजांनी शुन या पुराणसम्राटाच्या वंशजाला तेथे चेन नावाचे राज्य दिले, अशी परंपरा आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात चू राज्याने ते बुडवले, आणि आपल्याकडे गाव सुटले तरी ‘कर’ लावून ते आडनावात टिकते, तसे त्या राज्याचे नाव माणसांपाशी उरले.

दक्षिणेकडील स्थलांतराबाबत मात्र फार जपून लिही. सातव्या शतकात चेन युआनग्वांग या सेनानीने आग्नेय चीनमधील फुजियानमध्ये ठाणे मांडले आणि 686 साली चांगचौ हा प्रशासकीय विभाग स्थापन झाला. तैवानमध्ये आजही त्याची देवळे आहेत. फुजियानमधील असंख्य वंशावळी आपले मूळ हेनानमधील गूशी येथे नेतात. परंतु बाराव्या शतकातील विद्वान चंग च्याओ याने तेव्हाच लिहून ठेवले आहे की, दहाव्या शतकात फुजियानवर राज्य करणारा वांग शनची स्वतः गूशीचा असल्यामुळे तेथील लोकांना मान मिळे, आणि म्हणून सगळेच स्वतःला गूशीचे म्हणवू लागले. माझ्या मते वंशावळ हा आधी ती लिहिणाऱ्यांच्या काळाचा पुरावा आहे, पूर्वजांचा नंतर.

त्यापेक्षा थडगी वाच. सिंगापूरच्या बुकिट ब्राऊन या जुन्या चिनी दफनभूमीतील अनेक शिळांवर मृताच्या नावाबरोबर त्याच्या मूळ गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव कोरलेले आहे. अशा नावांची जिल्हावार नोंद करून पहिला तक्ता मला पाठव.

तुझा हितचिंतक