आजोबांच्या घडीच्या कॅमेऱ्याचं वय कसं काढायचं?

निपाणीच्या घरात ट्रंकेत झाइस इकॉन या जर्मन कंपनीचा नेटार कॅमेरा सापडला, आजोबांनी 1945 ला लढाईवरनं येताना आणला म्हणतात, हे खरं का, असं विचारलंय तुम्ही. फोटो बघितले, 1945 चा नाही ओ हा. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर, त्यामुळं आपल्याकडं घरोघरी असं काहीतरी "लढाईवरनं आणलेलं" असतंयच, आणि त्यातलं बरंच नंतर घेतलेलं निघतंय.

आता कॅमेराच बघा की. कातड्यावर दाबून उठवलेला 518/16 हा मॉडेल नंबर, आणि हे मॉडेलच लढाईनंतरचं, युद्धाआधीचे नेटार 515 वगैरे आकड्यांचे. शटरवर प्रॉन्टर-एसव्ही लिहिलंय, त्यातला एस सिंक्रोचा म्हणजे फ्लॅशची सोय, वायर लावायची बारकी पिन फोटोत दिसतेय. लेन्स उजेडात तिरकी धरा, निळसर-जांभळी झाक मारली तर कोटिंग, म्हणजे काचेवरची चकाकी कमी करणारा थर आहे, साध्या कॅमेऱ्यांवर ते सर्रास आलं ते पण लढाईनंतर.

मग त्याच्याही पुढचा किती? शटरच्या रिंगवर 25, 50, 100, 300 असे स्पीड आहेत (25 म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग), 30-60-125 ही पट्टी 1950 च्या दशकाच्या मध्याला रुळली, तेव्हा तुमचा त्याच्या आधीचा, साधारण 1950 ते 55 धरा. शटर कधीकधी दुसऱ्या कॅमेऱ्याचं काढून बसवलेलं असतं म्हणून एकट्या शटरवर विश्वास नको, बॉडीवरचा मॉडेल नंबर पण त्याच काळाचा पाहिजे, तुमच्यात जुळतोय.

लेन्सच्या नंबरावरनं साल काढायच्या नादाला लागू नका. तुमच्या कॅमेऱ्यावरची ही नोवार लेन्स झाइस इकॉन बाहेरनं करून घ्यायचं, त्यामुळं कार्ल झाइस या लेन्स करणाऱ्या कंपनीच्या नंबरांची यादी इथं चालत नाही.

घरातल्या मोठ्यांना सांगायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आणि एक, शटरवर सेल्फ-टायमरचा खटका आहे ना (एसव्हीतला व्ही त्याचाच), तो हौसेनं ओढू नका, इतकी वर्षं पडून असलेल्या शटरमध्ये तो अडकला की अख्खं शटर जाम होतंय. अंधाऱ्या खोलीत मागचं दार उघडून भात्यात, म्हणजे लेन्समागच्या घड्यांच्या पिशवीत, मोबाईलची बॅटरी मारा, घड्यांच्या कोपऱ्यातनं उजेडाचे ठिपके दिसले नाहीत तर 120 चा रोल अजून मिळतोय, घाला एक.