वाचक विचारतात : आधी गोष्ट की आधी वचन?

प्रश्न : आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार आठवड्यांत) आमच्या महिला मंडळात दर आठवड्याला श्रद्धेवरची एक कथा वाचायचं ठरलंय. मागच्या वर्षीही वाचल्या होत्या, पण वाचन संपलं की "छान होती" म्हणून सगळ्या चहाला उठायच्या. कोणती कथा घ्यावी आणि बोलणं कसं घडवून आणावं? (वाचक, वसई)

उत्तर : लिओ टॉलस्टॉयच्या 1885 च्या 'जिथे प्रेम तिथे देव' या कथेपासून सुरुवात करा. तिचं बीज एका फ्रेंच पाळकाच्या कथेतलं. टॉलस्टॉयनं ते रशियाच्या थंडीत नेऊन रुजवलं. मोठ्यानं वाचायला साधारण पाऊण तास लागतो, म्हणजे दीड तासाच्या बैठकीत आरामात बसते. आठ-दहा जणी पुरेत. त्याहून जास्त असल्या तर दोन गट करा, नाहीतर त्याच तिघी बोलतात.

जोडे शिवणारा मार्टिन तळघरात राहतो. बायको गेली, मग एकुलता उरलेला मुलगाही गेला आणि तो देवावर रुसला. एक वृद्ध यात्रेकरू त्याला शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचायला सांगतो. एका रात्री वाचता वाचता त्याचा डोळा लागतो आणि आवाज येतो : उद्या रस्त्याकडे लक्ष ठेव, मी येणार आहे.

हा आवाज येण्याआधी पहिल्यांदा थांबा. त्या रात्री मार्टिन लूक 7 वाचत असतो. परुशी (कडक धर्मनियम पाळणाऱ्या यहुदी पंथातला) शिमोनानं येशूला जेवायला बोलावलं, पण पाय धुवायला पाणी दिलं नाही (7:44). आता त्याची खिडकी आठवा. तळघर असल्यामुळे तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात आणि जोड्यांवरून मार्टिन माणूस ओळखतो. हा दुवा तुम्ही उलगडून सांगू नका. "खिडकीतून त्याला काय दिसतं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. कुणी ना कुणी तिथवर पोचतं.

दुसरा थांबा संध्याकाळचा. दिवा लागलाय, मार्टिन पुस्तक उघडणार आहे. दिवसभरात कोण आलं आणि कुणाला काय मिळालं, याची यादी करून घ्या. बर्फ उपसून दमलेल्या म्हाताऱ्या स्तेपानिचला गरम चहा. तान्हं घेऊन उन्हाळी कपड्यांत कुडकुडणाऱ्या सैनिकाच्या बायकोला कोबीचं सूप, जुना कोट आणि गहाण पडलेली शाल सोडवायला वीस कोपेक. सफरचंदवाली आजी आणि तिचं सफरचंद पळवणारा पोरगा, यांच्यात समेट. पाहुण्याची वाट पाहता पाहता मार्टिननं एवढं केलं. यादी झाली की विचारा, "मग प्रभू आला का?" दोन-तीन मिनिटं शांतता पडली तरी घाबरू नका.

त्यानंतर कथा संपवा आणि मगच बायबल उघडून मत्तय 25:31-40 वाचा. कथेत त्यातली 35 आणि 40 ही वचनं येतात. मधल्या 37 ते 39 मध्ये नीतिमान लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? ते कथेत नाही, आणि तिथेच मंडळाला खरं काम आहे. कारण मार्टिन दिवसभर खिडकीशी बसूनही समोरचा कोण आहे हे ओळखत नाही.

वचन आधी वाचून दाखवलंत तर सगळा खेळ बिघडतो. उत्तर हातात असलं की मार्टिनबरोबर वाट पाहायला कुणी बसत नाही. दुसरी चूक शेवटाला होते : "आपणही गरजूंना मदत करू या" असं ठरवून सगळ्या उठतात. त्याऐवजी प्रत्येकीनं वहीत एक माणूस, एक वस्तू आणि एक वार लिहावा. शेजारच्या आजी, दूध, गुरुवार. पुढच्या आठवड्याची बैठक त्या वहीपासून सुरू करा.

दुसऱ्या आठवड्यात टॉलस्टॉयचीच 'माणसाला किती जमीन लागते' (1886) घ्या आणि शेवटी लूक 12:16-21 वाचा. एक मात्र ध्यानात असू द्या. टॉलस्टॉय चमत्कार आणि येशूचं पुनरुत्थान मानत नव्हता. 1901 मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चनं त्याला बहिष्कृत केलं. शेजाऱ्यावरचं प्रेम त्याच्यासारखं क्वचितच कुणी लिहिलं असेल, पण नाताळच्या आठवड्यात कथा बाजूला ठेवून लूक 2 च वाचावा.

प्रश्न : मी वाचलेल्या बहुतेक ख्रिस्ती कादंबऱ्यांत शेवटी प्रार्थना फळाला येते, आजारी माणूस बरा होतो. आमच्या घरी तसं झालं नाही. आता ती पुस्तकं हातात घ्यावीशी वाटत नाहीत. (वाचक, अहमदनगर)

उत्तर : ती पुस्तकं तूर्त ठेवून द्या, त्यात तुमच्या श्रद्धेचं काही उणं नाही. जॉन बन्यनचं 1678 चं पुस्तक घ्या, मराठीत ते हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' नावानं 1841 मध्ये आणलं. त्यात ख्रिस्ती नावाच्या यात्रेकरूच्या पाठीवरचं ओझं वधस्तंभापाशी गळून पडतं, पण ते बरंच सुरुवातीला. खरी संकटं त्यानंतर येतात, आणि त्याचा विश्वासू सोबती तर बाजारात मारला जातो.

सगळं एकदम वाचू नका. संशयाच्या किल्ल्याचा भाग काढा. ख्रिस्ती आणि त्याचा नंतरचा सोबती आशावंत बुधवारी सकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत अंधारकोठडीत आहेत. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थना सुरू करतात, ती पहाटेपर्यंत चालते, आणि मग ख्रिस्तीला आठवतं की 'वचन' (देवानं दिलेला शब्द) नावाची किल्ली आपल्या उराशीच आहे. आतली दारं सहज उघडतात. बाहेरच्या लोखंडी फाटकाचं कुलूप मात्र फार जड जातं. त्या ओळीवर थांबा, तिच्यावर एक संध्याकाळ घालवा. तुम्ही आज त्या फाटकाशी उभे असाल, तर किल्ली खोटी आहे असं त्यावरून ठरत नाही.

प्रश्न : 'यमुनापर्यटन' तरुण गटाला वाचायला द्यावं का?

उत्तर : जरूर द्या, पण भक्तिपर वाचन म्हणून नको. बाबा पदमनजींनी 1857 मध्ये ते विधवांची दैना दाखवायला लिहिलं. कादंबरी मधूनमधून थांबते आणि वाद सुरू होतो; भाषाही जुनी. पूर्ण पुस्तक हाती दिलंत तर मुलं विसाव्या पानाशी सोडतील. नायिका यमुनेला वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिगतींतल्या दोन निवडून त्याच वाचा.

प्रश्न : गोष्ट वाचून दाखवली की मुलगा विचारतो, हे खरंच घडलं का? काय सांगू?

उत्तर : "नाही, ही रचलेली गोष्ट आहे," असं सरळ सांगा. मग लूक 10:30-37 उघडा. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याचा, म्हणजे चांगल्या शोमरोन्याचा, दाखलाही येशूनं सांगितलेली गोष्टच आहे आणि त्या शोमरोन्याला नावसुद्धा नाही. "तू त्या वाटेनं गेला असतास तर?" हे मुलाला विचारा.