"सगळे होतो की तिथे!"

"मॅडम, मी जरा जास्तच घाबरते का? घरातले म्हणतात, तू सगळ्यांच्या सुट्टीचा विचका करतेस."

सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न घेऊन मुलांच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येतातच. या वेळी विचारणारीला वृषाली म्हणू या; ओळख पटू नये म्हणून नाव आणि तपशील बदलले आहेत. मुंबई-गोवा क्रूझ ठरली होती. सासरची सगळी मंडळी, त्यात तिचा साडेतीन वर्षांचा अर्णव. जहाजावर स्विमिंग पूल आहे हे कळल्यापासून तिची झोप उडाली होती. नवरा सोबत आला होता, जरा वैतागूनच. "एवढी माणसं असणार आहोत. कोणी ना कोणी बघेलच ना!"

तिच्या भीतीला कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर अर्णव पायरीवरून घसरून पूलमध्ये गेला. नणंदेने बाहेर ओढला. खोकला, रडला, सुदैवाने बाकी काही झालं नाही. पण नंतर विषय निघाला की "सगळे होतो की तिथे" म्हणून तो मिटवला जायचा.

मी दोघांना एकेक कागद दिला आणि त्या क्षणी कोण कुठे होतं ते काढायला सांगितलं. चित्रं जवळपास सारखीच आली. सासरे खुर्चीत, हातात फोन. दीर शेगडीपाशी, कणसं भाजत. नवरा पाण्यातच, पण थोरलीला हात मारायला शिकवत, पाठमोरा. वृषाली टॉवेल आणायला आत गेलेली. मग विचारलं, अर्णवकडे लक्ष कोणाचं होतं? तिने नवऱ्याचं नाव लिहिलं. त्याने भावाचं. तो बराच वेळ दोन्ही कागद बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे कोणाचंच नव्हतं."

मला वृषालीला एवढंच सांगायचं होतं की तुझी भीती खरी आहे, फक्त ती एकटीने वाहू नकोस. तिला कामात बदल आणि ती कामं सगळ्यांत वाटून टाक.

बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. तोंड जेमतेम पाण्यावर येतं, त्यात श्वास पुरत नाही, हाक कुठून मारणार? हातही मदतीसाठी हलत नाहीत, ते पाणी खाली दाबत असतात. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने ही धडपड बारकाईने अभ्यासली. ती 20 ते 60 सेकंदच टिकते असं त्याचं निरीक्षण. म्हणजे एका मेसेजला उत्तर देण्याइतका वेळ.

जहाजावर आणखी अडचणी. डोलण्याने पाणी हिंदकळतं, गर्दीत तळ दिसत नाही, आणि उथळ बाजू असेलच असं नाही. लाइफगार्ड प्रत्येक जहाजावर नसतो. रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या कंपनीनेही तो 2017 मध्ये नेमायला सुरुवात केली. म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारा: लाइफगार्ड आहे का, मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट पूलपाशी मिळतं का? दंडात घालायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर राहू नका. वृषालीने घेतलेला निळा पोशाख पाण्यात दिसेनासा झाला असता, तो बदलून भडक केशरी घेतला.

अर्णववर लक्ष ठेवायची पाळी ठरली पंधरा मिनिटांची. ज्याची पाळी त्याच्या डोक्यावर लाल टोपी, फोन दुसऱ्याकडे, आणि मूल हाताच्या अंतरावर. टोपी देताना "आता तुझ्याकडे", घेताना "हो, माझ्याकडे" असं मोठ्याने म्हणायचं. मान डोलावलेली चालणार नाही.

गाडी अडली ती सासऱ्यांपाशी. त्यांना पोहता येत नाही, म्हणजे पाण्याची पाळी त्यांना देता येत नव्हती, आणि हे सुनेने सांगायचं कसं? हे मुलानेच सांगायचं, असं मी स्पष्ट म्हटलं. एकत्र कुटुंबात असल्या गोष्टी सुनेच्या माथी मारल्या जातात आणि मग तीच भांडखोर ठरते. त्याने सांगितलं. बाबांकडे केबिनच्या दाराचं काम आलं. ते काम लहान नव्हे: पोहून झालं, कपडे बदलले, सगळे सैलावले, की राहिलेला चेंडू आणायला मूल एकटं परत जातं.

भीतीचा जेवढा भाग कामात बदलता आला तेवढा हलका झाला. उरलेला वेगळा होता. डोळे मिटले की तिला पायरीवरून घसरणारा अर्णव दिसायचा, त्यावर आम्ही नंतरच्या काही भेटींत काम केलं. सहल नीट झाली. आता वृषाली स्वतः महापालिकेच्या तलावावर महिलांच्या बॅचला जाते, आणि नवऱ्याने प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घातलंय, कारण बुडालेल्या मुलाचा श्वास थांबला असेल तर नुसती छाती दाबून भागत नाही, आधी तोंडाने श्वास द्यावा लागतो आणि ते हाताखालून गेल्याशिवाय जमत नाही.