मोयेटी, हॅबिलिटेशन, इन्व्हेंटरी: वडिलांच्या जमिनीचं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा: वडील वारले, गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (महसुली हक्कनोंदीवर) त्यांचं एकट्याचं नाव आहे, मामलेदाराकडे म्युटेशन (फेरफार) केलं की जमीन तुम्हा तिघा भावंडांची होईल का? नाही. आणि उताऱ्यावर एकच नाव असलं तरी जमीन एकट्या वडिलांची होती असंही नाही.

लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्यात नोंदलेल्या लग्नात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. हीच मोयेटी. जमीन १२०० चौरस मीटर असेल तर ६०० आईची आधीपासूनच आहे, ती तिला वारसाने मिळत नाही. वारसाहक्क उरलेल्या ६०० पुरताच. तिघांना प्रत्येकी २००. मुलीलाही तेवढाच, लग्न झालेलं असलं तरी. वडिलांनी मृत्युपत्र केलं असतं, तरी त्या ६०० मधल्या ३०० पुरतंच चाललं असतं. उरलेला अर्धा हिस्सा मुलांचा राखीव, त्याला लेजिटिम म्हणतात.

लोक हमखास अडकतात ते इथे: तुमच्या वाट्यात तुमच्या बायकोची मोयेटी येते, बहिणीच्या वाट्यात जावयाची. विक्रीखतावर सून-जावयांच्या सह्या नसतील, तर जाणता गिऱ्हाईक पुढे सरकत नाही.

हॅबिलिटेशन म्हणजे वारस कोण ते ठरवणारं खत. सब-रजिस्ट्रार हाच स्पेशल नोटरी म्हणून ते करतो. मृत्यूचा, लग्नाचा आणि सगळ्या मुलांच्या जन्माचा दाखला लागतो, आणि नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तिथेच गाडी थांबते. कुणाला कुठला तुकडा, हे या खतातून ठरत नाही.

तुकडे ठरवायला इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कोर्टातली प्रक्रिया: दिवाणी कोर्टात, गोव्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्याखाली. कोर्ट एकाला कबेसा द काझाल, म्हणजे वारशाचा कारभारी, नेमतं. तो मालमत्तेची यादी देतो. एकाच घरावर दोघांचा डोळा असेल तर वारसांतच बोली लागते, ती लिसिटेशन. जास्त बोलणाऱ्याला घर मिळतं आणि वाट्याबाहेरची रक्कम तो इतरांना मोजून देतो.

म्युटेशन सगळ्यात शेवटी. ती फक्त महसुली दप्तरातली नोंद. तिने मालकी जन्मत नाही.

आणि हो, उताऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आजच वाचा. तिथे मुंडकाराचं (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल, तर त्याच्या घराखालची जागा तुम्हाला मोकळी म्हणून वाटता येणार नाही.