नव्या गाडीचं मॅन्युअल: आधी एवढंच बघा

अभिनंदन! ते जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, बहुतेक जण तिथेच कंटाळतात. ते सगळ्या व्हेरिएंटसाठी मिळून छापलेलं असतं. 'असल्यास' लिहिलेलं बरंचसं तुमच्या गाडीत नसेलच, ते खुशाल सोडा.

आधी गाडीत बसून डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं पान उघडा. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासून घ्या. लाल जास्त गंभीर. हँडब्रेक आणि सीटबेल्टचे दिवेही लाल असतात, ते ओळखून ठेवा. पण ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा बघून लगेच थांबा. 'घर जवळच आहे' म्हणून गाडी रेटली की इंजिन कायमचं जाऊ शकतं.

मग एवढं शोधा:

- टायरमधली हवा: आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी भरू नका. टायर थंड असतानाच तपासा.
- स्टेपनी आणि जॅक लावायची नेमकी जागा.
- काचेवरचं धुकं घालवायचं बटण. पावसाळ्यात, घाटात ते चाचपडत बसायची वेळ नको.

क्रूझ कंट्रोल, स्क्रीनचे मेनू सध्या राहू द्या. पीडीएफ मोबाइलवर ठेवा, अडेल तेव्हा शब्द टाकून शोधता येतं.