टीव्हीच्या मागचा निळा दिवा

गेल्या अंकात घरच्या राउटरचा पासवर्ड बदला असं मी जाता जाता दोन ओळींत लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. राउटर राहिला बाजूलाच, बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की घरातल्या या वस्तूंमधून सरकार आपल्याला बघतं-ऐकतं का. तर या वेळी तेच घेऊ.

प्रश्न (सदाशिव पेठेतल्या एका आजींचा): मुलाने दिवाळीला स्मार्ट टीव्ही आणला. भाचा म्हणतो तो बंद असला तरी ऐकत असतो आणि सरकारला कळवतो. मी त्यावर पूर्वीचं विणलेलं कव्हर घालून ठेवते, सून हसते. कव्हराचा काही उपयोग आहे का?

आजी, धुळीसाठी आहे. आवाज काय, विणलेल्या भोकांतून आरामात जातो. पण भाच्याला वेड्यात काढू नका, त्याने वाचलंय ते हवेतलं नाही. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सने अमेरिकेच्या सीआयएची कागदपत्रं बाहेर काढली, व्हॉल्ट ७ म्हणून, त्यात वीपिंग एंजल नावाचा एक उद्योग होता, ब्रिटनच्या एमआय५ बरोबर मिळून केलेला, सॅमसंगच्या एफ८००० टीव्हींसाठी. रिमोटने बंद केला की स्क्रीन काळी, पुढचा दिवा बंद, घरच्यांना वाटतं झोपला बाबा टीव्ही, आणि आत माइक चालूच. गंमत म्हणजे त्यांनी स्वतःच एक अडचण लिहून ठेवली होती, पाठीमागचा निळा दिवा काही विझत नाही! दोन देशांचे हेर एकत्र बसले आणि भिंतीकडे तोंड केलेला एक दिवा त्यांना पुरून उरला, मला ही गोष्ट सांगायला फार आवडते.

आता धीराची गोष्ट. ते टीव्हीत घालायला यूएसबी लागायचा, म्हणजे कोणीतरी घरात येऊन तो टीव्हीला लावायचा, आणि टीव्हीच्या नव्या अपडेटनंतर ती वाटही बंद झाल्याची नोंद त्याच कागदांत आहे. तुमच्या पेठेत केबलवाल्यालाही दारातच उभं करतात. एक बटण दाबलं आणि अख्ख्या पेठेचे टीव्ही ऐकू यायला लागले असलं ते काम नव्हतं, एका माणसावर नजर ठेवायची असेल तर त्याच्या घरात शिरून करायचं काम होतं.

तुमच्या टीव्हीत रस सरकारपेक्षा कंपनीला जास्त. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय बघतात ते सेकंदासेकंदाला नोंदवलं, नीट विचारलं पण नाही, २०१७ मध्ये त्यापायी २२ लाख डॉलर भरले. तेव्हा भाच्यालाच बसवा सेटिंगमध्ये, प्रायव्हसी किंवा जाहिरातींच्या पानावर, तुम्ही काय बघता ते गोळा करण्याची परवानगी तिथे असते ती काढून टाकायला सांगा. आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करा, मग निळा नाही की लाल नाही.

प्रश्न (हडपसर, आयटीतला वाचक): फोन गरम होतो, बॅटरी संध्याकाळपर्यंत पण टिकत नाही. पेगासस असेल का?

नाही हो. बॅटरी म्हातारी झाली असेल नाहीतर रील्स. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची खासियतच ही की ते आत आलेलं कळत नाही, लिंकवर क्लिक पण करावं लागत नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपवर नुसता कॉल यायचा, उचलला नाही तरी काम झालं, जगभरात १,४०० च्या आसपास लोकांना असं गाठलं, त्यात आपल्याकडचे पत्रकार, वकील, कार्यकर्ते होते. बनवणारी इस्रायलची एनएसओ कंपनी म्हणते आम्ही फक्त सरकारी यंत्रणांनाच विकतो. इतकी महागडी वस्तू तुमची रोजची स्टँडअप मीटिंग ऐकायला कोणी वापरणार नाही, मॅनेजरसुद्धा ऐकत नाही ती.

मात्र तुम्ही वकील, पत्रकार, माहिती अधिकारवाले असाल तर अपडेट आला त्याच दिवशी टाका आणि आयफोन असेल तर लॉकडाउन मोड, म्हणजे हल्ल्याच्या वाटा बंद करणारी सेटिंग, लावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या विरोधी पक्षांच्या काही खासदारांना सरकारपुरस्कृत हल्ल्याचा इशारा ॲपलकडून आला होता, तसा तुम्हाला आला तर मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका, स्वतः ॲपलच्या अकाउंट पेजवर लॉगिन करून बघा, खरा असेल तर तिथेच वरती दिसतो.

प्रश्न (लोहगाव, सोसायटीचे सेक्रेटरी): आमच्याकडे १६ कॅमेरे आहेत, दोन गच्चीवर, त्यातल्या एकात विमानतळाची धावपट्टी दिसते. कमिटीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ॲप आहे. पासवर्ड लावणाऱ्याने दिला तोच. एजीएममध्ये एका सभासदाने विचारलं की सरकार किंवा कोणी बाहेरचं हे बघू शकतं का, तर सगळे हसले, मी पण. घरी आल्यावर झोप लागली नाही.

झोप लागली नाही हे बरं झालं, कारण या अंकातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा आहे. त्या सभासदांना पुढच्या मीटिंगला चहा पाजा.

आपण सगळे घाबरतो आपल्या सरकारला, पण तुमच्या कॅमेऱ्याला भीती दुसऱ्या सरकारची आहे. २ जानेवारी २०२४, रशियाने कीव्हवर क्षेपणास्त्रं डागली तो दिवस. युक्रेनच्या एसबीयू या गुप्तचर संस्थेने सांगितलं की शहरातले दोन ऑनलाइन कॅमेरे रशियाच्या हेरांनी लांबून ताब्यात घेतले होते. एक इमारतीच्या बाल्कनीतला, आजूबाजूला लक्ष ठेवायला रहिवाशांनी लावलेला. त्याचा कोन फिरवला आणि यूट्यूबवर लाइव्ह जोडून दिला, म्हणजे हवाई संरक्षण कुठून गोळ्या झाडतंय ते घरबसल्या दिसतंय. दुसरा सोसायटीच्या पार्किंगवरचा. पार्किंगवरचा! आपल्याकडे ज्याच्या फुटेजवरून स्क्रॅच कोणी पाडला याची दोन-दोन वर्षं भांडणं चालतात तसला. मे २०२५ मध्ये अमेरिका आणि मित्रदेशांनी मिळून जो इशारा दिला त्यात रशियाच्या लष्करी हेरखात्याने असे दहा हजारांहून जास्त कॅमेरे लक्ष्य केल्याचं म्हटलंय, बहुतेक युक्रेन आणि आजूबाजूच्या देशांतले. आणि लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे करायला फार मोठं डोकं लागतं असंही नाही. २०१६ मध्ये मिराय नावाचा व्हायरस आला, अमेरिकेतल्या कॉलेजच्या वयाच्या पोरांनी लिहिलेला, त्यात कंपनीकडून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या बस, तेवढ्यावर जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर उघडले. मी आमच्या सोसायटीतलं सांगतो, कोथरूडमध्ये. रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये फळीवर, वर गणपतीचा फोटो, शेजारी खोबरेल तेलाची बाटली, आणि डब्यावर स्केचपेनने पासवर्ड लिहिलेला. मी लावणाऱ्या मुलाला विचारलं हा काय प्रकार, तर म्हणाला, "काका, सगळीकडे एकच ठेवतो, लक्षात राहतो." सगळीकडे म्हणजे त्याने लावलेल्या प्रत्येक सोसायटीत. मला घामच फुटला.

तर आज संध्याकाळीच गच्चीवरचा कॅमेरा खाली फिरवा, सोसायटीला गेट बघायचंय, धावपट्टी नाही. मग पासवर्ड, रेकॉर्डरचा वेगळा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा पण, कारण कॅमेऱ्यांना स्वतःचे असतात हे लावणारे सांगतच नाहीत. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट रेकॉर्डरपर्यंत वाट, करून ठेवलं असेल तर बंद करायला लावा, ते म्हणजे गेट उघडं टाकून वॉचमन जेवायला गेल्यासारखं आहे. ॲप किती जणांकडे आहे ते मोजा, मागच्या कमिटीतले आणि घर विकून गेलेले पण निघतील. नवीन कॅमेरे घेणार असाल तर ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षेची चाचणी सक्तीची झालीये, दुकानात एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचं सर्टिफिकेट मागा, बुधवार पेठेतला दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. तुमचे आधीचे १६ मात्र त्या नियमामुळे आपोआप सुधारत नाहीत.

आणि राउटरचं मी उगीच लिहिलं नव्हतं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा प्रकार ५४ देशांतल्या किमान पाच लाख राउटर वगैरेंत सापडला, मागे रशियन सरकारी हॅकर असल्याचं अमेरिकेने सांगितलं, आणि एफबीआयला लोकांना सांगावं लागलं की बाबांनो राउटर एकदा बंद करून चालू करा. असल्या हॅकरना तुमच्या घरातलं काही ऐकायचंच असतं असं नाही, पुढे दुसरीकडे कुठे घुसायचं असेल तर तुमच्या दारातून जायचं, म्हणजे माग काढणारा तुमच्यापर्यंत येऊन थांबतो.

प्रश्न (नवी पेठ, एमपीएससी करणारा विद्यार्थी): सरकारला कायद्याने आपला फोन-लॅपटॉप हॅक करता येतो का? दोन ओळींत सांगा, मेन्सला उपयोगी पडेल. आणि ज्याने काही केलंच नाही त्याने घाबरायचं कशाला?

दोन ओळींत नाही बसणार भाऊ, शब्दमर्यादेचे मार्क कापा.

आयटी ॲक्टच्या कलम ६९ खाली सरकार माहिती मध्येच पकडू शकतं, लक्ष ठेवू शकतं, कुलूपबंद माहिती उघडून मागू शकतं. २० डिसेंबर २०१८ ला केंद्राने १० यंत्रणांची यादीच काढली. पण डिव्हाइस हॅक करा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, उलट त्याच कायद्याच्या ४३ आणि ६६ मध्ये दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय घुसणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. सरकारने केलं तर काय, यावर सरळ उत्तर देणारं कलम नाही, तिथेच सगळी मेख आहे.

परवानगी देतो कोण हे त्याहून महत्त्वाचं. न्यायाधीश नाही, गृहसचिव. आणि त्यावर नजर ठेवायला समिती, ती पण सचिवांचीच, दोन महिन्यांतून एकदा बसणारी. डेटा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये लिहिलंय की फोन टॅपिंगचे १५ ते १८ हजार आदेश सचिवांच्या समितीपुढे एका बैठकीला येतात. तू गणित करणारा आहेस म्हणून सांगतो, एका फाइलला एक मिनिट धरलं तरी दहा दिवस आणि दहा रात्री न उठता बसावं लागेल. तपासत असतील असं तुला वाटतं का?

पेगाससचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २७ ऑक्टोबर २०२१ ला कोर्टाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी मालवेअर मिळालं पण ते पेगाससच असं ठाम म्हणता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने सांगितल्याचं सरन्यायाधीशांनी भर कोर्टात वाचून दाखवलं. नोट्समध्ये २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टास्वामी निकाल असेलच, नऊ न्यायाधीश, खासगीपण मूलभूत हक्क, त्याच्या शेजारी हे पण लिहून ठेव.

आता तुझा दुसरा प्रश्न, काही केलंच नाही तर घाबरायचं कशाला. तुझ्या अभ्यासिकेपासून चालत जाशील एवढ्या अंतरावर विश्रामबाग पोलीस ठाणं आहे. तिथे जानेवारी २०१८ मध्ये एल्गार परिषदेचा गुन्हा नोंदवला गेला. त्यातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपची कॉपी बचाव पक्षाच्या वकिलांनी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडून तपासून घेतली, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला, की नेटवायर नावाचं मालवेअर त्यात २२ महिने होतं आणि पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं त्याच वाटेने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकली गेली. टाकणारा कोण, त्याचं नाव अहवालात नाही. एनआयएला हा अहवाल मान्य नाही. कोण खरं ते मी इथे बसून ठरवणार नाही, पण तांत्रिक बाजू मला माहितीये आणि ती साधी आहे: ज्याला तुझ्या लॅपटॉपमधलं वाचता येतं त्याला बरेचदा त्यात लिहिता पण येतं. तू काय केलंस हा एक प्रश्न झाला, तुझ्या लॅपटॉपमध्ये काय सापडलं हा अगदी वेगळा.

प्रश्न (औंध, एक आजोबा): मुलाने नातीला परदेशातून बोलणारी बाहुली पाठवलीये, ब्लूटूथवाली. ठेवू का?

जर्मनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये माय फ्रेंड केला नावाची अशीच एक बाहुली हेरगिरीचं छुपं यंत्र ठरवून बंद केली आणि आईवडिलांना सांगितलं नष्ट करा, कारण जवळपासचा कोणीही फोनवरून तिला जोडून पोराचं ऐकू शकत होता, पासवर्डच नव्हता. तुम्ही असं करा, बाहुली हॉलमध्ये ठेवा, पलीकडच्या खोलीत जा आणि तिला कधीच न जोडलेल्या एखाद्या फोनवरून ब्लूटूथने जोडून बघा. काही न विचारता जोडली गेली तर सेल काढून घ्या आणि नातीला सांगा बाहुलीचा घसा बसलाय.